अंगठ्याएवढी खिंड

१

अवधूत सबनीस ऑफिसातून घरी आला की आधी हात धुवायचा, मग चहा टाकायचा, आणि तो चहा उतू जाईपर्यंत डोंगरापुढे उभा राहायचा. वॉटफर्डमधल्या त्याच्या घराला मागच्या बाजूने काचेची कॉन्झर्व्हेटरी होती. बाकीची माणसं अशा जागेत वेताच्या खुर्च्या ठेवतात, पावसाळी दिवसांत कपडे वाळत घालतात. या गृहस्थाने तिथे ताजिकिस्तानातला अख्खा डोंगर आणून ठेवला होता.

मातीचा, अर्थात. मागच्या अंगणात हातभर खणलं की पिवळट चिकणमाती लागायची. ती माती, गार्डन सेंटरमधले दगड, विटांचे तुकडे आणि ओली गोणपाटं घेऊन त्याने तिथल्या मोठ्या टेबलावर टेबलभर डोंगर उभा केला. सॅटेलाइटचे नकाशे समोर ठेवून एकेक सोंड, एकेक घळ बोटांनी काढली. शिकारीचं प्लॅनिंग लोक हल्ली लॅपटॉपवर करतात. अवधूतला ते जमत नसे. कऱ्हाडला लहानपणी दर दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पोराचे हात होते ते. स्क्रीनवरची धार त्याला नुसती दिसायची, कळायची ती माती थापल्यावर.

शिकार होती आयबेक्सची, म्हणजे मागे वळलेल्या मोठ्या शिंगांच्या रानबोकडाची. उघडाबोडका वाळवंटी मुलूख, तळालाच धाप लागते आणि तिथून पुढे चढायचं. हा प्राणी दिवसभर खाली बघत बसतो, त्यामुळे खालून जाणाऱ्याला तो कधीच सापडत नाही. खिंडीतून पलीकडच्या खोलगट दरीत शिरायचं, वळसा घालून त्याच्याही वर चढायचं आणि वारा तोंडावर घेत उतरायचं. हे सगळं अवधूतला पाठ होतं. दोन वर्षं तो दुसरं काही बोलत नव्हता. बायको सोडून गेली त्यालाही हेच कारण असावं असं लोक म्हणत, आणि लोक फारसे चुकत नव्हते.

आणि जायला मिळालं नाही. सप्टेंबरात त्याने इथे कायम राहण्यासाठी अर्ज टाकला, क्रॉयडनला जाऊन दहाही बोटांचे ठसे देऊन आला. परतीच्या ट्रेनमध्ये त्याला आठवलं, की निकाल लागेपर्यंत देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज बाद. थोडा थांबला असता तर काही बिघडत नव्हतं. पण इथल्या आपल्या माणसांना अर्जाची तारीख उजाडली की दम निघत नाही. यालाही निघाला नाही.

परमिट एका जनावराचं होतं. ते त्याच्या मेहुण्याच्या, अनुपच्या नावावर करून घ्यावं लागलं. अनुप म्हणजे धाकट्या बहिणीचा, कस्तुरीचा नवरा. एके काळी अवधूतचा फ्लॅटमेट. ब्रिटिश पासपोर्टवाला, हसरा, गोड खाणारा. स्कॉटलंडला अवधूतबरोबर हरणांमागे दोनदा गेलेला, तेही सोबत म्हणून.

"परमिट वाया कशाला घालवायचं यार?" अनुप म्हणाला. "तू इथून डायरेक्शन दे, मी तिथे चालतो. बकरा तुझाच."

"जा की," अवधूत म्हणाला. म्हणाला खरा, पण आत काहीतरी करपलं, आणि तो वास त्याचा त्यालाच येत राहिला.

२

अनुप गेला आणि कस्तुरी हॅरोहून बॅग घेऊन दिवाळीला भावाकडे आली. आईवडील गेल्यापासून हेच तिचं माहेर. चकलीचा डबा, करंज्यांचा डबा, आणि तिसऱ्या डब्यात कापसात गुंडाळलेले कऱ्हाडचे मातीचे मावळे. इतकी वर्षं तिने ते जपून ठेवले होते.

"दादा, तू अजून किल्ले करतोस?" डोंगराभोवती फिरत ती हसली. मग डब्यातून निळ्या फेट्याचा मावळा काढून तिने तळावर उभा केला. "हा अनुप. त्याचं जॅकेट पण निळंच आहे. याला पाडव्याला घरी आणायचं हं मला. तसं प्रॉमिस करून गेलाय."

"आणू की."

"बकरं मारायला एवढं लांब जायचं म्हणजे कमाल आहे तुमची दोघांची. इथे हलाल शॉपमध्ये रोज मिळतं."

अवधूतने पलीकडच्या दरीत प्लास्टिकच्या शेळ्या ठेवल्या होत्या, त्या नीट केल्या. बहिणीशी या विषयावर बोलण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीचा मग घेऊन तो डोंगरापाशी गेला आणि तिथेच थांबला. तळापासून खिंडीपर्यंत एक वाट उमटली होती. दोऱ्याएवढी बारीक, जाऊन येऊन गुळगुळीत झालेली. सोंडेला वळसा घालून, एका कपारीखालून, शहाण्या माणसाने काढावी तशी. त्याने ती काढली नव्हती. निळ्या फेट्याचा मावळाही तळावर नव्हता, तो खिंडीच्या तोंडाशी उभा होता.

"कस्तुरी, मावळा तू हलवलास?"

"मी कशाला हलवू?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "मी आत्ता उठतेय."

गोगलगाय असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण गोगलगाईच्या मागे चकाकी राहते. मुंग्या? नोव्हेंबर तोंडावर आलेला, मुंग्या कुठल्या. तो वाकून बघत असताना डोंगरातून आवाज आला. अगदी बारीक, सुपातून तांदळाची कणी सांडावी तसा. कुठलीशी घळ किंचित ढासळली होती आणि दगड खाली येत होते. वाळू वाळते, सुटते. यात विशेष ते काय?

दुपारी ऑफिसात अनुपचा मेसेज आला. हातातल्या सॅटेलाइट यंत्रावरून तो छोटे मेसेज आणि धुरकट फोटो पाठवू शकायचा. "खिंडीच्या तोंडाशी पोचलो. झकास वाट मिळाली, कपारीखालून जाते. गाइडलाही माहीत नव्हती म्हणे. तू ग्रेट आहेस."

अवधूतने मेसेज परत परत वाचला. मग फोन पालथा ठेवून कामाला लागला.

३

त्याचं काम मोठं सभ्य होतं. विमा कंपन्यांसाठी तो पुराचे आणि वादळांचे अंदाज बांधायचा. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे वाक्य तो नव्या पोरांना दर सोमवारी ऐकवत असे. तेच आता तो स्वतःला ऐकवत होता.

हीटिंगमुळे डोंगराला भेगा जात होत्या. कुंड्यांवर मारायची फवारणीची बाटली घेऊन त्याने सगळ्या धारा ओल्या केल्या. मातीचा वास सुटला, पण त्यात दुसराही एक वास होता. घोड्याच्या घामाचा, लिदीचा. त्याने खिडकी उघडली. शेजाऱ्यांच्या बागेत पानांचा ढीग जळत होता. तोच असणार.

"इथे पाऊस," अनुपने कळवलं. "धो धो. या दिवसांत इथे थेंब पडत नाही म्हणतात. गाइड नुसता आकाशाकडे बघतोय. सगळं भिजलं."

कस्तुरीला काळजी वाटली. "छत्री नेली नसेल बघ त्याने," ती म्हणाली आणि मग स्वतःच हसली. अवधूत नाही हसला. त्याने भीतीने फवारणीची बाटली कपाटात मागे सारली. पण भीतीच्या जोडीला दुसरंही काहीतरी होतं, आणि ते जास्त मोठं होतं.

त्याने प्रयोग केला. माणूस हुशार होता, प्रयोग करणारच. कस्तुरी दुकानात गेली होती तेव्हा तो खिंडीजवळ तोंड नेऊन उभा राहिला आणि त्याने फुंकर मारली. चहा निवायला मारतात तेवढीच. मावळा किंचित डुगडुगला.

संध्याकाळच्या आत मेसेज. "वाऱ्याने तंबू उडाला. अचानक आला आणि अचानक थांबला. गाइडच्या हाताचं हाड मोडलंय, फळी बांधलीय. मी ओके. कस्तुरीला सांगू नको."

त्याने सांगितलं नाही. खिडकीपाशी उभा राहून त्याने मनाची समजूत घातली, की डोंगरातली हवा अशीच असते. पण खोटं कशाला बोलायचं? त्याला बरं वाटलं होतं. वर्षभरात इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. जेवताना त्याने दोन चकल्या जास्त घेतल्या, आणि कस्तुरी म्हणाली, "आज मूड छान आहे तुझा, दादा."

४

अनुप खिंड ओलांडून पलीकडच्या दरीत उतरला. गाइडचं नाव तोलोबेक. मोडका हात गळ्यात बांधून तोही बरोबर होता, शिवाय सामानाचा एक घोडा. बाकीची माणसं अलीकडे तळावर राहिली.

"कळप दिसला," अनुपने लिहिलं. "त्यात एक म्हातारा नर आहे. काय शिंगं आहेत अव्या! तुझ्या भिंतीवरच्या फोटोतल्यापेक्षा मोठी. तू हवा होतास."

तू हवा होतास. माणसं चांगल्या मनाने काय काय बोलून जातात. अवधूत कॉन्झर्व्हेटरीत गेला. पाच वाजताच अंधारून आलं होतं, दोनतीन गल्ल्या सोडून कोणीतरी फटाके उडवत होतं. खिंडीत एक भेग पडलेली त्याला दिसली. ती बुजवायला हवी होती. कुठल्याही किल्ल्याची बुजवतात तशी. त्याने उजवा अंगठा पाण्यात बुडवला आणि खिंडीत ठेवला.

भेगेला लागतो त्यापेक्षा जास्त जोर त्याने लावला. भेगेला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ अंगठा तिथे राहिला. मातीखाली काहीतरी बारीकसं, कोवळं, मटकन मोडलं. काडी असेल गोणपाटातली.

सकाळी कस्तुरीच्या फोनवर फोटो आला. पहिल्यांदाच तिला आला, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "खिंड बंद झाली. अख्खी बाजू खाली आली. घोडा गेला. आम्ही दोघं ठीक, पण इकडे अडकलोय. खाणं थोडं आहे. घाबरू नको, तळावरचे लोक वळसा घालून येतायत."

ती डायनिंग टेबलापाशी बसली. फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, ही शेतं आहेत का रे?"

"तिथे कुठली शेतं?"

"मग ह्या रेषा कसल्या?"

कोसळलेल्या उतारावर रेषा होत्या. एकीत एक, वळणदार, सारख्या अंतरावर, नांगर फिरवल्यासारख्या. प्रत्येक रेष माणसापेक्षा उंच असावी, कारण पायथ्याशी घोड्याचं खोगीर ठिपक्याएवढं दिसत होतं. आणि त्या सगळ्या रेषांना आडवी छेदत एक सरळ चीर गेली होती.

कस्तुरीने फोन खाली ठेवला. अवधूतचा उजवा हात हातात घेतला, उलटा केला. त्याच्या अंगठ्यावर आडवा व्रण होता. कऱ्हाडला तिच्या किल्ल्याखाली सुतळी बॉम्ब लावताना तो हातात फुटला होता. दर दिवाळीत तो तिचा किल्ला आधी मोडायचा. त्या वर्षी मोडला तेव्हा ती रडली नव्हती, आई त्याच्या बोटाला पट्टी बांधत होती तिथे उभी राहून नुसती बघत होती. आत्ताही ती तशीच बघत होती.

५

"कधीपासून माहितीये तुला?"

"कस्तुरी, हे बघ, हा योगायोग आहे. माणसाला ढगातसुद्धा चेहरे दिसतात. मी रोज..."

"कधीपासून, दादा?"

त्याने हात सोडवून घेतला.

"खिंड उघड."

त्याने उघडून बघितली. टूथपिकने कण कण माती काढत तासभर तो वाकून राहिला. अनुपचा मेसेज आला, की वरून दगड येतायत, सकाळपासून थांबत नाहीत, कपारीत बसून आहोत. कस्तुरीने टूथपिक त्याच्या हातातून काढून घेतली.

"राहू दे. आता हात नाही लावायचा. पाणी नाही, फुंकर नाही, काही नाही. खोकला आला तर बाहेर जायचं." ती बोलत होती ती नाकातोंडाला ओढणी बांधून. "तळावरचे लोक पोचतील. तोवर मला तो असाच्या असा हवाय. बाकी मला काही नको. ऐकतोयस ना? मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे मागतेय."

"हो गं. मला काय तो नकोय?"

तिने त्याच्याकडे बघितलं. खुर्ची ओढून ती डोंगरापाशी बसली. रात्र तिथेच काढली. लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला तरी तिथेच होती, अंगावर शाल, नजर निळ्या फेट्यावर. दुपारी मात्र तिला उठावंच लागलं. दिवसभर पारोशी होती. "पाच मिनिटांत आंघोळ करून येते," ती म्हणाली. "तू हॉलमध्ये बस."

वर शॉवर सुरू झाला आणि खाली अवधूतचा फोन वाजला. फोटो होता. अनुप गुडघ्यावर बसलेला, ओठ फुटलेले, दाढी वाढलेली, आणि दोन्ही हातांत ती शिंगं. जमिनीपासून त्याच्या डोक्याच्या वर गेलेली, गाठीगाठींची, शेवटाला आत वळलेली. दोन वर्षं अवधूतच्या स्वप्नात येत होती तीच. "मिळाला! आता खाण्याचीही काळजी मिटली. शॉट तू सांगितलेल्या जागेवरून घेतला. याच्यावर नाव तुझंच लावायचं. पाडवा चुकला तरी भाऊबीजेला घरी."

तो उठला. कॉन्झर्व्हेटरीचं दार लोटताना त्याने स्वतःला काय सांगितलं, ते इथे सांगून टाकायला हवं. त्याने स्वतःला सांगितलं, की आपण त्याला उचलू. खिंड बंद आहे ना? मग वरून उचलायचा आणि अलगद इकडे टेबलावर ठेवायचा, म्हणजे सुटला बिचारा. कस्तुरीला सरप्राइज. हे त्याला त्या क्षणी पटलंसुद्धा असेल. डोक्याला पटवणं सोपं असतं. पण बोटांनी मावळा ज्या तऱ्हेने धरला, ती कोणाला वाचवताना धरायची तऱ्हा नव्हती.

मावळा कोमट होता. चिमटीत धरल्यावर आतून काहीतरी भराभर उडत होतं, हातात चिमणी धरली की उडतं तसं. त्याने तो वर उचलला, आणखी वर, डोळ्यांसमोर आणला. जुनी माती, कच्ची. किती दाबलं ते त्याला कळलं नाही. फेटा वेगळा झाला आणि उडणं थांबलं.

वरचा शॉवर बंद झाला. अवधूतने दोन्ही तुकडे शर्टाच्या खिशात घातले आणि हॉलमध्ये जाऊन बसला.

६

कस्तुरी ओल्या केसांनी थेट डोंगरापाशी गेली. मग हॉलच्या दारात येऊन उभी राहिली.

"कुठे आहे तो?"

"तिथेच असेल. घसरला असेल कुठेतरी."

तिने घळीघळीतून शोधलं, हात न लावता, मोबाइलचा दिवा पाडून. टेबलाखाली शोधलं. अनुपला मेसेज टाकले, एकामागून एक. कशाचंच उत्तर आलं नाही. संध्याकाळी समोरच्या दारात लावायच्या पणत्या तशाच राहिल्या.

पाडव्याला सकाळी तोलोबेकचा फोन आला. तळावरची माणसं दरीत पोचली होती, त्यांच्या सॅटेलाइट फोनवरून तो बोलत होता. त्याचं इंग्रजी मोडकं होतं. कस्तुरीने स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"मॅडम, मी तिथेच होतो. मी दारू पीत नाही. तो बकऱ्यापाशी बसला होता, हसत होता. मग त्याचे पाय जमिनीवरून सुटले. तो वर गेला."

"वर म्हणजे? डोंगरावर चढला?"

"नाही मॅडम. वर."

फोनमध्ये वारा घोंघावत होता.

"ओरडत होता," तोलोबेक म्हणाला. "तुमचं नाव घेत होता बहुतेक. खूप वर गेल्यावर ओरडणं एकदम थांबलं. मी रात्रभर बसलो. रायफल खाली पडली, एक ग्लव्ह पडला. तो नाही पडला. मॅडम, मी शपथ घेतो, तो खाली आलाच नाही."

नंतर बरेच फोन झाले. वकिलातीचे, पोलिसांचे. अवधूतनेच केले सगळे, शांत आवाजात, स्पेलिंग सांगून. अतिउंचीवर विरळ हवेने माणसाला भास होतात, गाइडला झाले असणार, मेहुणा कड्यावरून गेला असणार. हे तो इतक्यांदा बोलला की त्याचं त्यालाही खरं वाटू लागलं. एकदा खिशाकडे हात गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की अंगावर दुसराच शर्ट आहे. कालचा धुवायच्या टोपलीत होता.

तो वरच्या जिन्यापर्यंत गेला. टोपली रिकामी होती. खाली वॉशिंग मशीन फिरत होतं.

दुपारी त्याने कॉन्झर्व्हेटरीच्या काचेतून बघितलं. कस्तुरीने साडी नेसली होती, केसांत गजरा नव्हता पण कपाळाला कुंकू होतं. पाटावर रुमाल, रुमालावर दोन तुकडे शेजारी शेजारी जुळवून ठेवलेले. हातात निरांजनाचं तबक. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, तशी ती ओवाळत होती. ओठ हलत होते, डोळे कोरडे होते. ओवाळून झाल्यावर तिने वाकून त्या रुमालाला नमस्कार केला.

अवधूत मागे सरकला. आता ओरडेल, मारेल, पोलिसांना सांगेल, त्याने मनाशी हिशेब मांडला. पोलिसांना सांगून सांगणार काय? या विचाराने त्याला जरा धीर आला.

संध्याकाळी तिने दोघांसाठी वरणभात केला. त्यानंतर कॉन्झर्व्हेटरीचे पडदे ओढून घेतले. आतून माती थापल्याचे आवाज येत राहिले, ओल्या मातीवर सपसप हात. मोडतेय, तो म्हणाला. मोडू दे बाई. बरंच झालं.

७

भाऊबीजेच्या सकाळी तिने त्याला हाक मारली. नेहमीच्याच आवाजात.

"दादा, आंघोळ झाली का? ये, बस."

डायनिंग रूममध्ये रांगोळी होती. पाट मांडला होता, कॉन्झर्व्हेटरीकडे तोंड करून. तिथले पडदे अजून ओढलेलेच होते. तबकात सुपारी, अक्षता, निरांजन. कस्तुरीच्या नखांत पिवळी माती होती, कोपरापर्यंत सुकून तडकली होती. अवधूतला खरं तर या सगळ्याची लाज वाटायला हवी होती. त्याला वाटलं ते वेगळंच. त्याला वाटलं, सुटलो. ओवाळतेय म्हणजे आपल्याला दोषी मानत नाहीये. रक्ताचं नातं शेवटी.

तिने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. कुंकू लावलं. अनामिकेने लावतात, तिने अंगठ्याने लावलं. सबंध अंगठा कपाळावर टेकवून, किंचित दाबून. अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, ओवाळलं. सगळं सावकाश, काही न चुकवता.

"ओवाळणी काय घालशील?"

त्याने आवाज मुद्दाम हळवा केला. "तू माग. जे मागशील ते."

"मागितलं होतं की," ती म्हणाली. तबक खाली ठेवून उठली. "बसून राहा हं. उठू नकोस. थोडं राहिलंय."

तिने पडदे सरकवले, काचेचं दार उघडलं आणि आत गेली. आतली जमीन दोन पायऱ्या खाली होती, त्यामुळे पाटावरूनही टेबल पूर्ण दिसत होतं, आणि तो बघत राहिला. टेबलावर डोंगर नव्हता. टेबल सपाट होतं. त्यावर एक रस्ता होता, दोन्ही बाजूंना जोडघरं, कोपऱ्यावरची पोस्टाची खांबासारखी पेटी, फुटपाथवर कचऱ्याचे डबे. बारकाईने केलेलं काम. दादापेक्षा तिचा हात नेहमीच चांगला होता, म्हणून तर तो तिचा किल्ला आधी मोडायचा. मधल्या एका घराला छप्पर नव्हतं. त्याच्या मागे डब्याच्या पारदर्शक झाकणांची कॉन्झर्व्हेटरी होती. छपराविना असलेल्या खोलीत काडेपेटीएवढा पाट, आणि पाटावर मांडी घालून बसलेला मातीचा माणूस. टोपी घातलेला. कपाळावर कुंकवाचा ठिपका, अजून ओला.

अवधूतने विचार केला. अजूनही त्याने विचारच केला. हा मावळा कऱ्हाडचा नाही. ही माती याच अंगणातली, कालची. कशाने काय होतं हे सिद्ध झालेलं नाही. उठून जाऊन एका थापेत सगळं सपाट करता येईल. त्याने उठायला म्हणून पाटाच्या कडेवर हात टेकला.

वर, छतापलीकडे, सुपातून कणी सांडल्यासारखा आवाज झाला. मग कौलं घसरल्याचा. बागेतलं ऊन गेलं. ढग आल्यावर जातं तसं नव्हे, झाकण ठेवल्यावर जातं तसं. खिडकीतून दिसणारं आकाश खाली आलं होतं आणि त्याच्यावर रेषा होत्या. वळणदार, एकीत एक, माणसापेक्षा उंच. रेषांमधल्या चरांत सुकलेली पिवळी माती होती आणि कुंकू.

दारातून कस्तुरीची पाठ दिसत होती, वाकलेली. तिचा हात टेबलाकडे सावकाश खाली जात होता. तिने वळून बघितलं नाही.

"कस्तुरी," तो म्हणाला. "कस्तुरी, अगं ऐक."

"हलू नकोस, दादा," ती म्हणाली. "मोडशील."